आर. मरे शेफर यांचे जीवन आणि कार्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाचे संगीतकार आणि संगीतशिक्षक आर. मरे शेफर यांचे नाव मराठी वाचकांपर्यंत सहसा दोन वाटांनी पोहोचते. काहींना ते ध्वनिप्रदूषणाच्या चर्चेत भेटते, तर शाळेत संगीत शिकवणाऱ्यांना त्यांच्या ऐकण्याच्या स्वाध्यायांमुळे. त्यांच्या मूळ व्यवसायाकडे, म्हणजे संगीतरचनेकडे, त्यामुळे थोडे दुर्लक्षच होते. त्यांच्याविषयी नेहमी पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

मरे शेफर नेमके कोण होते?

रेमंड मरे शेफर यांचा जन्म १८ जुलै १९३३ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या सार्निया या गावी झाला आणि ते वाढले टोरोंटो शहरात. ते संगीतकार, लेखक, शिक्षक आणि ध्वनिपर्यावरणाचे अभ्यासक होते. १४ ऑगस्ट २०२१ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी ऑन्टारिओतच त्यांचे निधन झाले.

ही चार विशेषणे एकापुढे एक लिहिली की चार वेगवेगळ्या कारकिर्दी असाव्यात असा समज होतो. वास्तविक त्यांच्या बाबतीत एका कामातून दुसरे काम निघत गेले. मुलांना शिकवताना त्यांचे लक्ष परिसरातल्या आवाजांकडे वळले, त्या आवाजांच्या अभ्यासातून ते सभागृहाबाहेर पडले, आणि बाहेर पडल्यावर तळ्याकाठी आणि जंगलात सादर होणारी संगीतनाट्ये लिहू लागले. हा क्रम लक्षात ठेवला तर त्यांच्या विस्तीर्ण कामाचा पसारा सुसंगत वाटू लागतो.

त्यांना लहानपणापासूनच संगीतकार व्हायचे होते का?

नाही. त्यांचा ओढा चित्रकलेकडे होता. काचबिंदूमुळे लहानपणीच त्यांचा एक डोळा काढावा लागला आणि काचेचा डोळा बसवावा लागला. एका डोळ्यावर चित्रकाराचा व्यवसाय कसा करणार, अशी शंका वडीलधाऱ्यांनी घेतली आणि ते संगीताकडे वळले. डोळा गेला म्हणून कान तीक्ष्ण झाला, असे सोपे समीकरण काही लेखांत मांडलेले दिसते. त्यात फारसे तथ्य नसावे. मात्र हातातली रेषा त्यांनी कधीच सोडली नाही. त्यांच्या अनेक स्वरलिपी इतक्या देखण्या आहेत की त्यांतली पाने चित्रप्रदर्शनात मांडता येतील. बर्फाचे ढिगारे, लाटा, तारे, पक्षी हे सगळे त्यांच्या कागदावर स्वरांच्या सोबतीने, आणि कित्येकदा स्वरचिन्हांच्या ऐवजी, येते.

त्यांचे औपचारिक शिक्षण किती झाले? त्यांना विद्यापीठातून काढून टाकले होते हे खरे आहे का?

१९५२ मध्ये ते टोरोंटोच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीत आणि टोरोंटो विद्यापीठात शिकू लागले. पियानोसाठी अल्बर्टो गेरेरो हे त्यांचे गुरू होते. प्रख्यात पियानोवादक ग्लेन गूल्ड हेही गेरेरो यांचेच शिष्य. हार्प्सिकॉर्ड हे पियानोच्या आधीच्या काळातले पट्ट्यांचे वाद्य शेफर यांनी ग्रेटा क्राउस यांच्याकडे आणि संगीतरचना जॉन वाइन्झ्वाइग यांच्याकडे शिकली. कॅनडात बारा स्वरांच्या मालिकेवर आधारलेले आधुनिक रचनातंत्र प्रथम रुजवणारे ते हेच वाइन्झ्वाइग. माध्यमांचे भाष्यकार मार्शल मॅक्लुहन यांच्याशीही शेफर यांचा याच काळात संबंध आला. छापील अक्षराने माणसाला डोळ्यांच्या अधीन केले, ही मॅक्लुहन यांची मांडणी शेफर यांच्या पुढच्या लेखनात वारंवार डोकावते.

काढून टाकल्याची गोष्ट खरी आहे. १९५५ च्या सुमारास शिक्षकांशी खटके उडाले, माफी मागायला सांगण्यात आले, त्यांनी ती मागितली नाही आणि विद्यापीठाचे दार बंद झाले. विद्यापीठाची पदवी त्यांनी त्यानंतरही कधी घेतली नाही.

मग पदवी नसताना ते विद्यापीठात शिकवू कसे लागले?

मधली काही वर्षे त्यांनी स्वतःच स्वतःला शिकवले. काही काळ ग्रेट लेक्समधल्या तेलवाहू जहाजावर खलाशाचे काम करून पैसे जमवले आणि १९५६ मध्ये ते व्हिएन्नाला गेले. गंमत म्हणजे संगीताच्या त्या राजधानीत त्यांनी संगीतापेक्षा मध्ययुगीन जर्मन भाषेचा आणि काव्याचा अभ्यास अधिक केला. त्या काव्यावर बेतलेली ‘मिनेलीडर’ ही गीतमाला त्यांच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या रचनांपैकी एक आहे.

पुढे इंग्लंडमध्ये राहून ते मुक्त पत्रकारिता करू लागले. ब्रिटिश संगीतकारांच्या मुलाखतींचे त्यांचे पुस्तक १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. कवी एझ्रा पाउंड यांनी रचलेल्या आणि अडगळीत पडलेल्या एका ऑपेराची संहिता प्रयोगक्षम करून ती बीबीसीवरून प्रसारित होण्यासाठीही त्यांनी मेहनत घेतली. १९६१ मध्ये ते कॅनडात परतले, टोरोंटोत नव्या-जुन्या अपरिचित संगीताची ‘टेन सेंच्युरीज कॉन्सर्ट्‌स’ ही मैफलमाला उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला, आणि १९६३ ते १९६५ या काळात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात निवासी कलावंत म्हणून काम केले. १९६५ मध्ये व्हँकुव्हरजवळ सायमन फ्रेझर विद्यापीठ नव्यानेच सुरू झाले. तिथे पदव्यांपेक्षा नव्या कल्पनांची गरज अधिक होती. शेफर तिथे रुजू झाले आणि १९७५ पर्यंत राहिले. त्यांची नेमणूक एखाद्या पारंपरिक संगीत विभागात झाली नव्हती. संज्ञापन आणि कला यांचा एकत्र विचार करणारे ते केंद्र होते. त्यामुळे समोर बसलेल्या विद्यार्थ्यांत वाद्य न वाजवणारे, स्वरलिपी न वाचू शकणारे अनेक जण असत. शिक्षक म्हणून शेफर जे घडले ते बऱ्याच अंशी या विद्यार्थ्यांमुळे.

शिक्षक म्हणून त्यांचे वेगळेपण कशात होते?

त्यांच्या काळी, आणि खरे तर आजही, संगीतशिक्षण म्हणजे दुसऱ्याने रचलेले संगीत बिनचूक वाजवायला शिकवणे असे समजले जाते. विद्यार्थी वर्षानुवर्षे सराव करतो, परीक्षा देतो, आणि स्वतःची एकही ओळ न रचता बाहेर पडतो. चित्रकलेच्या तासाला पहिल्याच दिवशी मुलाच्या हातात कोरा कागद देतात, मग संगीताच्या तासालाच ही मुभा का नाही, असा शेफर यांच्या लेखनाचा रोख होता. मुलाने पहिल्या दिवसापासून स्वतः काहीतरी रचावे, ते वेडेवाकडे असले तरी चालेल, आणि रचता रचता त्याला जी अडचण येईल तिथे शिक्षकाने ज्ञान पुरवावे, ही त्यांची पद्धत.

१९६४ च्या उन्हाळ्यात टोरोंटोतील शालेय विद्यार्थ्यांसोबत त्यांनी केलेल्या चर्चा ‘द कंपोजर इन द क्लासरूम’ या छोट्या पुस्तकात जवळजवळ संवादांच्या रूपात नोंदलेल्या आहेत. तुम्हाला कोणते संगीत आवडते, कोणते आवडत नाही, आणि संगीत म्हणजे मुळात काय, या प्रश्नांवरून त्या चर्चा सुरू होतात. विद्यार्थी एक व्याख्या करतात, शेफर एखादे उदाहरण देऊन ती मोडतात, मग विद्यार्थी दुसरी करतात. शिक्षकाने उत्तर राखून ठेवण्याचे असे नमुने संगीताच्या पुस्तकांत विरळाच. व्याख्येचा हा प्रश्न पुढेही त्यांचा पिच्छा पुरवत राहिला. त्यांनी अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनाच पत्राने विचारले. आपल्याभोवतीचे आवाज हेच संगीत, मग आपण सभागृहात असू की बाहेर, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर शेफर यांनी आपल्या पुस्तकात नमूद केले आहे.

१९६५ ते १९७५ या दहा वर्षांत त्यांनी अशा पाच पुस्तिका लिहिल्या. पुढे त्या ‘क्रिएटिव्ह म्युझिक एज्युकेशन’ आणि नंतर ‘द थिंकिंग इअर’ या नावाने एकत्र निघाल्या. शेवटच्या पुस्तिकेत शिक्षकांसाठी काही सूत्रे आहेत. शिक्षणात यशापेक्षा अपयश मोलाचे, शिकवताना धोक्याच्या काठावर उभे राहावे, आणि शिक्षक असा कोणी उरलेला नाही, उरला आहे तो फक्त शिकणाऱ्यांचा समुदाय, असा त्यांतल्या काही सूत्रांचा आशय आहे. सूत्रे आकर्षक आहेत, पण ती भिंतीवर लावणाऱ्यांनी शेफर यांच्या वर्गातले प्रत्यक्ष स्वाध्यायही वाचावेत; खरी शिस्त तिथे दिसते.

‘इअर क्लीनिंग’ म्हणजे काय? त्यातले स्वाध्याय कसे असतात?

हे त्यांच्या १९६७ च्या पुस्तिकेचे नाव. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या अभ्यासक्रमाच्या त्या टिपा आहेत. गोंगाट, शांतता, स्वर, स्वरवर्ण, नाद किती मोठा की लहान, लय अशा एकेका घटकावर एकेक व्याख्यान आणि त्यापाठोपाठ करून पाहायचे स्वाध्याय, अशी तिची रचना आहे.

कागदाचा स्वाध्याय त्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणता येईल. एक कोरा कागद वर्गात या हातातून त्या हातात फिरवायचा, मात्र त्याचा जराही आवाज होऊ द्यायचा नाही. ऐकायला हे पोरखेळासारखे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या दोन-तीन हातांतच कागद कुरकुरतो, कोणाची बांगडी वाजते, कोणाच्या बाकाचा आवाज येतो, कोणाला हसू फुटते आणि पुन्हा सुरुवात करावी लागते. काही वेळाने वर्ग इतका गप्प होतो की बाहेरच्या रस्त्यावरचे, एरवी कानावर पडूनही न ऐकलेले आवाज एकदम आत येतात. शांतता नावाची वस्तू मुळात किती भरलेली असते, हे यावर व्याख्यान न देताच कळते. मग त्याच कागदाचा वाद्य म्हणून उपयोग करायचा : तो फाडायचा, चुरगाळायचा, त्यावर फुंकर घालायची, टिचकी मारायची. प्रत्येकाने आधीच्यापेक्षा वेगळा आवाज काढायचा.

घरी करायचे अभ्यासही असेच खट्याळ असत. नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाणारा एक आवाज शोधून या, किंवा आधी दबका धप्प असा आणि लगेच उंच चिवचिवाट असा दुहेरी आवाज घेऊन या. उत्तर ठरलेले नसल्यामुळे विद्यार्थ्याला दिवसभर कान उघडे ठेवूनच हिंडावे लागे, आणि शेफर यांना तेवढेच साधायचे होते. १९९२ मध्ये त्यांनी ऐकण्याचे आणि आवाज निर्माण करण्याचे शंभर स्वाध्याय ‘अ साउंड एज्युकेशन’ या पुस्तकात एकत्र केले. ते शाळेच्या वर्गात जसे चालतात तसे प्रौढांच्या गटातही चालतात. त्यासाठी ना वाद्य लागते ना पेटी-तबल्याची खोली, हे त्यांचे मोठेच बलस्थान आहे.

मुलांसाठी त्यांनी रचलेले संगीत कोणते? सुरुवात कुठून करावी?

‘एपिटाफ फॉर मूनलाइट’ या १९६८ च्या समूहगीतापासून. त्याची जन्मकथाच वर्गातली आहे. सुमारे ११ वर्षांच्या मुलांना शेफर यांनी सांगितले की चांदण्यासाठी तुमच्या मनातल्या एका खाजगी भाषेतला शब्द तयार करा. मुलांनी ‘नू-यू-युल’, ‘नूरवाम’, ‘मालूमा’, ‘शिव्हरग्लोवा’, ‘स्लूफल्प’, ‘नेशमूर’ असे शब्द आणून दिले. या शब्दांखेरीज गाण्यात दुसरे काही नाही.

त्याची स्वरलिपीही पाच रेघांच्या पट्टीवर लिहिलेली नाही. लांबलचक रेषा, त्यांचे जाड-बारीक होणे, वर चढणारे वळण, विखुरलेले ठिपके यांवरून गायकाने समजून घ्यायचे. सुरुवातीला एकेक आवाज येऊन थांबतो, पुढचा आवाज त्याच्या किंचित खाली येऊन थांबतो, आणि हळूहळू सगळा स्वरसमूह धुक्यासारखा पसरतो. ज्यांना स्वरलिपी वाचता येत नाही त्या मुलांनाही हे गाता येते, त्याच वेळी मुरलेल्या गायकांचाही कस लागतो, कारण शेजारच्याचा स्वर अगदी जवळचा असताना आपला स्वर धरून ठेवणे सोपे नसते. मराठी शाळेतल्या मुलांना हाच प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. उत्तरात ‘चांदणे’, ‘टिपूर’, ‘पिठूर’ यांच्या पलीकडचे काय येते ते बघावे.

गाण्याच्या नावात ‘एपिटाफ’, म्हणजे समाधिलेख, आहे याचे कारण काळात आहे. माणूस चंद्रावर उतरण्याच्या बेतात होता. एकदा तो उतरला की चांदण्याविषयी असे शब्द मुलांना सुचतील का, अशी रुखरुख शेफर यांना वाटत होती.

याशिवाय ‘मिनिवांका’ या रचनेत उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी भाषांमधले पाण्याचे शब्द आहेत, तर ‘स्नोफॉर्म्स’मध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांच्या भाषेतले बर्फाचे शब्द. ‘स्नोफॉर्म्स’ची स्वरलिपी म्हणजे खिडकीतून दिसणाऱ्या बर्फाच्या चढउतारांची रेखाटनेच आहेत. या रचना आज जगभरातली गायनपथके गातात.

‘साउंडस्केप’ ही कल्पना त्यांचीच का?

शब्द त्यांच्याआधीही एक-दोघांनी वापरलेला होता. तो रूढ झाला आणि त्याला अभ्यासशाखेचे रूप आले ते शेफर यांच्यामुळे. एखाद्या ठिकाणी ऐकू येणाऱ्या सर्व आवाजांचा मिळून जो परिसर बनतो, तो असा त्याचा अर्थ.

सायमन फ्रेझर विद्यापीठात सुरुवातीला त्यांनी गोंगाटाच्या प्रदूषणावर अभ्यासक्रम घेतला. त्यातून विद्यार्थी वैतागले खरे, पण त्या वैतागातून फारसे काही निष्पन्न होईना. मग त्यांनी प्रश्नच फिरवला : कोणते आवाज बंद करायचे याऐवजी कोणते आवाज राखायचे, वाढवायचे? या प्रश्नातून ‘वर्ल्ड साउंडस्केप प्रोजेक्ट’ उभा राहिला. बॅरी ट्रुअ‍ॅक्स, हिल्डगार्ड वेस्टरकँप, ब्रूस डेव्हिस, पीटर ह्यूज, हॉवर्ड ब्रूमफील्ड हे तरुण सहकारी त्यात होते. त्यांनी व्हँकुव्हर शहर ध्वनिमुद्रित केले. तिथे रोज रात्री नऊ वाजता तोफ होते आणि दुपारी बारा वाजता कॅनडाच्या राष्ट्रगीताचे पहिले चार स्वर भोंग्यांवर वाजतात. परिसराची ओळख बनलेल्या अशा आवाजांना शेफर यांनी खुणेचे आवाज मानले आणि एखादी जुनी वास्तू जपावी तसे ते जपायला हवेत असे म्हटले. व्हँकुव्हरची ध्वनिमुद्रणे आणि पुस्तिका १९७३ मध्ये निघाली. पुढच्या वर्षी कॅनडाच्या सीबीसी आकाशवाणीवरून देशभरच्या आवाजांवर दहा कार्यक्रम प्रसारित झाले.

१९७५ मध्ये हा गट युरोपात गेला आणि स्वीडन, जर्मनी, इटली, फ्रान्स व स्कॉटलंड या देशांतल्या एकेका गावाचा अभ्यास केला. फ्रान्समधले लेस्कोनिल हे मच्छीमारांचे गाव त्यांत विशेष लक्षात राहते. तिथे दिवसभरात वाऱ्याची दिशा फिरत जाते आणि तिच्याबरोबर सकाळी एका दिशेच्या गावांचे, तर पुढे समुद्राकडचे आवाज ऐकू येतात. कोकण किनाऱ्यावर ज्यांनी मतलई आणि खारे वारे अनुभवले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. नवल आहे ते कोणीतरी ध्वनिमुद्रक घेऊन बसून हे पद्धतशीर टिपून ठेवले याचे.

या सगळ्या कामाचे फलित म्हणजे १९७७ चे ‘द ट्यूनिंग ऑफ द वर्ल्ड’ हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक. जंगल, खेडे, कारखाना, रेल्वे, लाउडस्पीकर असा आवाजाचा इतिहास त्यात आहे. आवाज त्याच्या उगमापासून तोडून यंत्राद्वारे कुठेही, केव्हाही ऐकवता येणे हे आधुनिक काळाचे एक दुखणे आहे, असे मत त्यांनी त्यात मांडले. १९९३ मध्ये कॅनडातील बॅन्फ येथे या विषयाच्या अभ्यासकांची जागतिक संघटना स्थापन झाली, तीही त्यांच्याच कामाच्या पायावर.

मोठ्यांसाठीच्या त्यांच्या संगीतरचनांमध्ये महत्त्वाच्या कोणत्या?

त्यांनी तेरा स्ट्रिंग क्वार्टेट लिहिले, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्यासाठीच्या रचना. नवख्या श्रोत्याने दुसऱ्या क्वार्टेटपासून सुरुवात करावी. १९७६ च्या या रचनेचे उपनाव ‘वेव्ह्ज’. शेफर यांनी समुद्राच्या लाटा मोजल्या होत्या. एका लाटेच्या माथ्यापासून दुसरीच्या माथ्यापर्यंतचा काळ बहुधा ६ ते ११ सेकंदांचा भरतो. साऱ्या क्वार्टेटची लय याच अंतरांवर बांधलेली आहे, त्यामुळे ठेका असा सापडत नाही, पण श्वासासारखे काहीतरी चालू आहे हे जाणवत राहते. शेवटी एकेक वादक मंचावरून निघून जातो आणि चेलोवादक एकटा उरतो. तिसरा क्वार्टेट सुरू होतो तो एकट्या चेलोवादकापासून. असे दुवे त्यांनी पुढेही ठेवले आहेत.

त्यांचा व्रात्यपणा पाहायचा असेल तर ‘नो लाँगर दॅन टेन मिनिट्स’ ही वाद्यवृंदासाठीची रचना आहे. टोरोंटो सिंफनीने रचना मागवताना करारात ती दहा मिनिटांहून लांब नसावी अशी अट घातली होती. शेफर यांनी अटीचेच शीर्षक केले, आणि श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या की वाद्यवृंदाने पुन्हा वाजवू लागावे अशी सोय करून ठेवली. ‘नॉर्थ/व्हाइट’ या रचनेत उत्तरेच्या बर्फाळ प्रदेशाची शांतता कशी मोडली जात आहे हे दाखवण्यासाठी वाद्यवृंदासोबत चक्क स्नोमोबिल हे बर्फावर चालणारे वाहन मंचावर चालू केले जाते. हार्पवादक जूडी लोमन यांच्यासाठी लिहिलेल्या ‘द क्राउन ऑफ अ‍ॅरिअ‍ॅडनी’मध्ये वादिकेला हार्पबरोबरच तालवाद्येही सांभाळावी लागतात आणि पायात घुंगरू बांधून बसावे लागते.

‘पाट्रिया’ हे काय प्रकरण आहे?

हे त्यांचे आयुष्यभर चाललेले काम. १९६० च्या दशकात सुरू झालेली ही संगीतनाट्यांची मालिका असून तिचे बारा भाग आहेत. संगीत, नाट्य, नृत्य, वेशभूषा, विधी आणि जागा यांपैकी कशालाच दुय्यम न ठेवता सगळे एकत्र आणायचे, असा तिचा आग्रह आहे. पूर्वरंग सोडला तर पहिले दोन भाग रंगमंचावर होतात. पुढे मात्र मंच सुटतो. एक भाग जत्रेसारखा मैदानात भरतो, तर ‘रा’ हा भाग सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत चालतो आणि मोजक्याच प्रेक्षकांना प्राचीन इजिप्तच्या सूर्यदेवाच्या रात्रीच्या प्रवासात सामील करून घेतो.

मालिकेचा पूर्वरंग, ‘द प्रिन्सेस ऑफ द स्टार्स’, १९८१ मध्ये टोरोंटोजवळच्या हार्ट लेकवर प्रथम झाला. प्रेक्षकांनी अंधारातच तळ्याकाठी येऊन बसायचे. पहाटेच्या आधी पलीकडच्या काठावरून एका गायिकेचा एकटा आवाज येतो. लांडग्याची आरोळी ऐकून वाकलेली आणि आकाशातून तळ्यात पडलेली ती तारकांची राजकन्या आहे. गायक आणि वादक तळ्याच्या कडेने झाडीत विखुरलेले असतात, पात्रे मोठमोठे मुखवटे आणि पोशाख घालून डोंग्यांतून पाण्यावर येतात, पहाटपक्षी झालेले नर्तकही डोंग्यांतच असतात. सूर्यदेव अवतरतो तेव्हा खरोखरचा सूर्य उगवत असतो. म्हणजे प्रयोगाची वेळ पंचांग बघून ठरवायची, आणि धुके, वारा, खरे पक्षी यांची साथ मिळेल तशी घ्यायची. तळ्यावरून पहाटे आवाज दूरवर आणि स्वच्छ जातो. शेफर यांनी हे आधी ‘म्युझिक फॉर वाइल्डरनेस लेक’ या बारा ट्रॉम्बोनांच्या, म्हणजे फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यांच्या, रचनेत करून पाहिले होते.

शेवटचा भाग, ‘अँड वुल्फ शॅल इन्हेरिट द मून’, याला प्रेक्षकच नसतात. दरवर्षी ऑगस्टमध्ये ऑन्टारिओतल्या हॅलिबर्टन जंगलात काही डझन माणसे आठवडाभर तंबूत राहून, आठ कुळांत विभागून तो स्वतःच घडवत. गायक, प्राध्यापक, मुले सगळेच स्वयंपाक करीत, लाकडे फोडीत आणि संध्याकाळी तळ्यापलीकडून एकमेकांना गाणी ऐकवीत. माझ्या मते शेफर यांच्या शिक्षणविचाराचा सर्वांत पूर्ण आविष्कार कोणत्याही वर्गात न होता या जंगलात झाला.

भारताशी त्यांचा काही संबंध होता का?

रचनांपुरता होता. १९६७ मध्ये अमेरिकेतील टँगलवूड येथील महोत्सवासाठी त्यांनी ‘गीता’ ही रचना केली. तिच्यात गायनवृंद, पितळी सुषिरवाद्ये आणि ध्वनिफीत असून शब्द भगवद्गीतेतले आहेत. तो काळच पौर्वात्य ग्रंथांकडे वळण्याचा होता. तिबेटी ‘मृतांचा ग्रंथ’ यावर आणि जलालुद्दीन रूमी यांच्या काव्यावरही त्यांनी त्याच सुमारास लिहिले. हिंदुस्थानी किंवा कर्नाटक संगीताचे ते अभ्यासक होते असा दावा कोणी करू नये, त्यांनीही केला नाही.

त्यांच्यावर टीका झाली का?

झाली, आणि काही टीका रास्त आहे. औद्योगिक काळापूर्वीचा परिसर म्हणजे स्वच्छ आणि आजचे शहर म्हणजे गढूळ, अशी त्यांची विभागणी अनेक अभ्यासकांना भाबडी वाटते. शहराच्या गजबजाटातही माणसे आपापले अर्थ ऐकत असतात, याकडे त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही. दुसरी टीका अधिक गंभीर आहे. मूलनिवासींच्या भाषा, कथा आणि प्रतीके यांचा त्यांनी मुक्त हस्ते वापर केला, पण त्या समाजांना त्यात वाटा किती होता, असा प्रश्न मूलनिवासी विद्वानांनी विचारला आहे. इनुइट गायनाविषयी त्यांनी तरुणपणी लिहिलेली काही वाक्ये तर आज वाचवत नाहीत. त्यांची स्तुती करणाऱ्यांनी हा भाग झाकू नये.

व्यावहारिक अडचण आणखी वेगळी आहे. ‘पाट्रिया’चे प्रयोग इतके खर्चिक आणि जागेला इतके बांधलेले आहेत की ते पाहिलेली माणसे थोडी. बहुतेकांना ते वर्णनांतूनच माहीत असते.

त्यांना कोणते सन्मान मिळाले?

‘वेव्ह्ज’ या क्वार्टेटला १९७८ मध्ये ज्यूल्स लेजे पारितोषिक मिळाले. चेंबर संगीताच्या, म्हणजे मोजक्या वादकांसाठीच्या, नव्या रचनेला दिले जाणारे हे पारितोषिक तेव्हा प्रथमच देण्यात आले. १९८७ मध्ये ग्लेन गूल्ड पारितोषिक सुरू झाले, त्याचेही पहिले मानकरी शेफरच. २०१३ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’मधला सर्वोच्च, म्हणजे ‘कंपॅनियन’ हा दर्जा देण्यात आला.

विद्यापीठ सोडल्यावर त्यांनी काय केले?

१९७५ मध्ये नोकरी सोडून ते ऑन्टारिओतल्या बॅन्क्रॉफ्टजवळच्या एका शेतघरात राहायला गेले. तिथे आसपासच्या गावकऱ्यांना, ज्यांतल्या बहुतेकांनी कधी गायनाचे शिक्षण घेतलेले नव्हते, जमवून त्यांनी गायनवृंद आणि नाटके उभी केली. आपल्या स्वरलिपी आणि पुस्तके छापण्यासाठी त्यांनी ‘आर्काना एडिशन्स’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, कारण त्यांची चित्रमय पाने नेहमीच्या प्रकाशकांच्या साच्यात बसत नसत. पुढे ते पीटरबरोजवळच्या इंडियन रिव्हर परिसरात स्थायिक झाले. मेझो-सोप्रानो, म्हणजे मध्यम पट्टीच्या आवाजाच्या, गायिका एलिनर जेम्स या त्यांच्या पत्नीने त्यांच्या अनेक रचना गायल्या. २०१२ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. अखेरची काही वर्षे त्यांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले होते.

आज त्यांचे काम कुठे भेटते?

त्यांच्या शिक्षणविषयक पुस्तकांची भाषांतरे स्पॅनिश, पोर्तुगीज, जपानी अशा भाषांत झाली असून ब्राझील, अर्जेंटिना आणि जपानमधल्या संगीतशिक्षकांमध्ये ती चांगलीच रुजली आहेत. क्वार्टेटांची ध्वनिमुद्रणे मॉन्ट्रिऑलच्या मोलिनारी क्वार्टेटने केली आहेत. २०१५ मध्ये टोरोंटोच्या लुमिनाटो महोत्सवात त्यांचे ‘अपोकॅलिप्सिस’ हे भव्य संगीतनाट्य जवळपास हजार कलावंतांनी सादर केले. त्यांचा जन्मदिवस, १८ जुलै, हा २०१० पासून जागतिक श्रवणदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी देशोदेशी लोक न बोलता ठरलेल्या वाटेने चालतात आणि वाटेत जे ऐकू येईल ते टिपून घेतात.